जनक फलने आणि लंबकोनी बहुपदी

चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलीपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यालगत सिरुसेरी हे गाव आहे. माहिती-तंत्रज्ञान उद्योगांसाठी राखून ठेवलेल्या तेथील वसाहतीत २००५ पासून ‘चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट’ ही गणितसंस्था वसलेली आहे. सी. एस. शेषाद्री यांच्या नेतृत्वाखाली १९८९ मध्ये तिचा आरंभ झाला, तेव्हा ती शहरात होती. सिरुसेरीहून शहराकडे परतताना तरमणी लागते. तेथील ‘इन्स्टिट्यूट ऑफ मॅथेमॅटिकल सायन्सेस’मध्ये फ्रेंच गणिती झाव्हिये व्हिएनो यांनी २०१६ ते २०१९ या काळात व्याख्यानमाला गुंफल्या, त्यांपैकी २०१९ च्या मालेचा विषय लंबकोनी बहुपदी हा होता. याच शहरात, ते मद्रास म्हणून ओळखले जात असताना, बंदर-कचेरीतील एका कारकुनाच्या हाती काही सूत्रे आली होती आणि त्या सूत्रांचे मूळही अशाच एका बहुपदीकुलात होते. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन.

हे बहुपदीकुल कोणते आणि त्याचा खरा गुण पन्नास वर्षे कोणाच्या ध्यानात का आला नाही, हे प्रस्तुत प्रकरणात पाहावयाचे आहे. त्यासाठी प्रथम दोन कल्पना स्पष्ट करून घेतल्या पाहिजेत.

जनक फलन म्हणजे काय?

क्ष, क्ष² − १, ५क्ष³ − ३क्ष अशा राशींना बहुपदी म्हणतात, हे वाचकास शालेय बीजगणितापासून ठाऊक आहे. गणितात पुष्कळदा एकच बहुपदी नव्हे, तर शून्य घातापासून पुढे प्रत्येक घाताची एक, अशी अनंत मालिका लागते. अशी संपूर्ण मालिका एकाच सूत्रात बांधून ठेवण्याची युक्ती म्हणजे जनक फलन होय. ट या दुसऱ्या अक्षराचे एक फलन घ्यावयाचे आणि ट च्या चढत्या घातांमध्ये त्याचा विस्तार करावयाचा. मग ट, ट², ट³ यांचे जे सहगुणक मिळतात, तीच आपली मालिका. बीजात ज्याप्रमाणे सारा वृक्ष सामावलेला असतो, त्याप्रमाणे जनक फलनात सारे कुल सामावलेले असते.

याचे पहिले प्रसिद्ध उदाहरण फ्रेंच गणिती लजांद्र यांचे. ग्रहगोलांच्या आकर्षणाचा विचार करताना अठराव्या शतकाच्या नवव्या दशकात त्यांना (१ − २ क्ष ट + ट²) या राशीच्या वर्गमुळाने १ ला भागून येणारा विस्तार हवा होता. त्याचे सहगुणक क्रमाने १, क्ष, (३क्ष² − १)/२, (५क्ष³ − ३क्ष)/२ असे येतात. यांनाच आज लजांद्र बहुपदी म्हणतात. (१ − २ क्ष ट + ट²) ही राशी वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे तिची पुन्हा गाठ पडणार आहे.

लंबकोनी असणे

दुसरी कल्पना लंबकोनीपणाची. भूमितीत दोन रेषा परस्परांशी काटकोन करतात, तेव्हा एकीच्या दिशेने केलेली हालचाल दुसरीच्या दिशेतील माप बदलत नाही. बहुपदींनाही हाच विचार लावता येतो. दोन बहुपदींचा गुणाकार करून, त्याला एका ठराविक धन भार-फलनाने गुणून, नेमून दिलेल्या मर्यादांमध्ये संकलन केले आणि उत्तर शून्य आले, तर त्या बहुपदी परस्परांशी लंब आहेत असे म्हणतात. लजांद्र बहुपदींसाठी मर्यादा −१ ते १ या असून भार सर्वत्र १ आहे. पहिली व तिसरी बहुपदी घेऊन पाहा: (३क्ष² − १)/२ चे संकलन (क्ष³ − क्ष)/२ हे होते, आणि क्ष = १ व क्ष = −१ या दोन्ही ठिकाणी त्याची किंमत शून्य आहे. म्हणजे या दोन बहुपदी परस्परांशी लंब ठरल्या.

या गुणाचे मोल व्यवहारात मोठे आहे. एखादे अवघड फलन लंबकोनी बहुपदींच्या बेरजेने मांडावयाचे असेल, तर प्रत्येक बहुपदीचा वाटा स्वतंत्रपणे काढता येतो. पुढे आणखी एक बहुपदी जोडली, तरी आधीचे वाटे बदलावे लागत नाहीत. हा गुण नसेल, तर प्रत्येक नव्या पदाबरोबर सारे गणित पुन्हा मांडावे लागते.

तीन पदांची कसोटी

आता मुख्य प्रश्न येतो. जनक फलन कोणालाही लिहिता येते. त्यातून निघणारे कुल लंबकोनी आहे की नाही, हे कसे ओळखावे?

हर्मिट बहुपदींचे उदाहरण घेऊ. २.७१८... या संख्येस ई म्हणू. तिचा (२ क्ष ट − ट²) हा घात म्हणजे हर्मिट बहुपदींचे जनक फलन होय. येथे ट च्या घातांच्या सहगुणकांना क्रमगुणिताने गुणून घेण्याचा प्रघात आहे. तसे केल्यावर १, २क्ष, ४क्ष² − २, ८क्ष³ − १२क्ष ही मालिका मिळते. जनक फलनाचे ट च्या संदर्भात अवकलन केले, तर तेच फलन (२क्ष − २ट) या गुणकासह परत येते. या गुणकात दोनच पदे असल्यामुळे प्रत्येक बहुपदी तिच्या आधीच्या केवळ दोन बहुपदींवरून काढता येते. न घाताच्या बहुपदीस २क्ष ने गुणावे, तिच्या मागच्या बहुपदीची २न पट त्यातून वजा करावी, की पुढची बहुपदी तयार होते. यास त्रिपदी आवर्तन-सूत्र म्हणतात.

प्रत्येक लंबकोनी कुल असे त्रिपदी सूत्र पाळते, हे पूर्वीपासून माहीत होते. उलट बाजूने, त्रिपदी सूत्र असेल आणि त्यातील वजा होणारा सहगुणक नेहमी धन असेल, तर कुल लंबकोनी असलेच पाहिजे, हा प्रमेय फाव्हार यांच्या नावाने १९३५ पासून प्रसिद्ध आहे. भार-फलन कोणते ते ठाऊक नसले, तरी ते अस्तित्वात आहे याची हमी हा प्रमेय देतो.

ही कसोटी किती कडक आहे, हे एका उदाहरणाने कळेल. हर्मिट यांच्या जनक फलनाचे व्यापक रूप गूल्ड आणि हॉपर यांनी १९६२ मध्ये अभ्यासले. त्यात ट² च्या जागी ट चा कोणताही वरचा घात घेता येतो. आपण घातांक (क्ष ट − ट³) असा घेऊ. पहिल्या चार बहुपदी १, क्ष, क्ष², क्ष³ − ६ अशा येतात. कुल देखणे आहे, त्याची सूत्रेही सुटसुटीत आहेत. परंतु त्यातील १ व क्ष² या बहुपदी परस्परांशी लंब असू शकतील काय? क्ष² कधीच ऋण नसतो आणि भारही धन असतो. मग त्यांच्या गुणाकाराचे संकलन शून्य कसे होणार? म्हणजे हे कुल नेहमीच्या अर्थाने लंबकोनी नाही. त्याच्या आवर्तन-सूत्रात लगतच्या मागील बहुपदीऐवजी आणखी एक पायरी मागची बहुपदी येते, हेच त्याचे कारण. अशा कुलांसाठी एकाऐवजी दोन मापे एकत्र वापरणारी, लंबकोनीपणाची शिथिल व्याख्या पुढे करण्यात आली.

जनक फलनात क्ष हा केवळ घातांकात आणि तोही पहिल्या घातानेच येत असेल, तर किती कुले लंबकोनी निघतात, याचा शोध माइक्सनर यांनी १९३४ मध्ये घेतला. उत्तर आश्चर्यकारक होते: मूलतः पाचच. व्यापकीकरण करणे सोपे आहे. व्यापकीकरणातही मूळ गुण टिकवणे दुर्मिळ आहे.

रॉजर्स यांचे कुल

आता आपण त्या विसरलेल्या कुलाकडे वळू. इंग्लंडमधील लीड्स येथील यॉर्कशायर कॉलेजात लेनर्ड जेम्स रॉजर्स हे गणिताचे प्राध्यापक होते. अनंत गुणाकारांच्या विस्तारांवर १८९३ ते १८९५ या काळात त्यांनी तीन निबंध लिहिले. त्यांतील एका जनक फलनाची रचना अशी: लजांद्र यांची (१ − २ क्ष ट + ट²) ही राशी घ्यावी, मग ट च्या जागी क्यू ट, क्यू² ट, क्यू³ ट असे क्रमाने घालून अनंत राशी तयार कराव्या, त्या सर्वांचा गुणाकार करून त्याने १ ला भागावे. येथे क्यू ही −१ व १ यांमधील कोणतीही संख्या आहे.

या फलनात ट च्या जागी क्यू ट घातले, की गुणाकारातील पहिली राशी तेवढी गळते, बाकी सारे जसेच्या तसे राहते. एवढ्या एका निरीक्षणावरून आवर्तन-सूत्र मिळते: योग्य गुणकाने गुणून घेतलेल्या न घाताच्या बहुपदीस २क्ष ने गुणावे आणि मागच्या बहुपदीची (१ − क्यूच्या न घाताइतकी) पट वजा करावी. सूत्र त्रिपदी आहे आणि वजा होणारा सहगुणक धन आहे. कसोटी पूर्ण झाली. कुल लंबकोनी आहे. परंतु रॉजर्स यांना त्याची कल्पना नव्हती. त्यांना हवी होती ती या बहुपदींच्या साहाय्याने मिळणारी अनंत श्रेढींची सूत्रे. ती त्यांनी १८९४ मध्ये सिद्ध केली आणि ती कोणी फारशी वाचली नाहीत.

त्यांपैकी एका सूत्राचा अर्थ कोणासही समजण्यासारखा आहे. ९ ही संख्या अशा भागांत मांडा की कोणत्याही दोन भागांत किमान २ चे अंतर असेल: ९, ८+१, ७+२, ६+३, ५+३+१, एकूण पाच प्रकार. आता ५ ने भागल्यास बाकी १ किंवा ४ उरणाऱ्या संख्याच वापरून, त्या कितीही वेळा घेऊन, ९ मांडा: ९, ६+१+१+१, ४+४+१, ४ व पाच वेळा १, आणि नऊ वेळा १. पुन्हा पाचच! प्रत्येक संख्येसाठी ही बरोबरी टिकते.

हीच सूत्रे रामानुजन यांना मद्रासमध्ये स्वतंत्रपणे गवसली. मात्र त्यांच्यापाशी सिद्धता नव्हती. ते इंग्लंडला गेल्यावर हार्डी यांनाही ती सापडली नाही. १९१६ मध्ये मॅकमहॉन यांनी आपल्या ग्रंथात ही सूत्रे असिद्ध म्हणूनच नोंदवली. १९१७ मध्ये जुनी नियतकालिके चाळताना रामानुजन यांच्या दृष्टीस रॉजर्स यांचा निबंध पडला. जे सिद्ध करण्यासाठी इतकी खटपट चालली होती, ते तेवीस वर्षांपूर्वी छापून झालेले होते! त्यानंतर दोघांत पत्रव्यवहार झाला आणि १९१९ मध्ये दोघांच्या नव्या सिद्धता एकत्र प्रसिद्ध झाल्या. पुढील वर्षी, २६ एप्रिल १९२० रोजी, रामानुजन यांचे निधन झाले.

ओळख पटण्यास लागलेला काळ

सूत्रे अशा रीतीने प्रकाशात आली, तरी बहुपदींचा गुण अज्ञातच राहिला. हंगेरीचे फेयेर यांनी लजांद्र बहुपदींचे एक व्यापक कुल जनक फलनाच्याच द्वारे कल्पिले होते. त्यातील कोणती कुले लंबकोनी आहेत, हा प्रश्न १९४१ मध्ये फेल्डहाइम व लान्झेविट्स्की यांनी स्वतंत्रपणे सोडवला. त्रिपदी कसोटी लावताच जे कुल उरले, ते मूलतः रॉजर्स यांचेच होते. आस्की व इस्माइल यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात या व्यापक कुलाचे भार-फलन सविस्तर मांडले. मग १९८७ मध्ये इस्माइल, स्टॅन्टन व व्हिएनो यांनी या बहुपदींचा संबंध जोड्या लावण्याच्या साध्या गणिताशी जोडून दाखवला.

तो संबंध असा. एका ओळीत चार बिंदू काढा आणि ओळीच्या वरून कमानी काढून त्यांच्या जोड्या लावा. असे तीन प्रकार होतात. दोन प्रकारांत कमानी परस्परांना छेदत नाहीत, एकात एकदा छेदतात. म्हणून प्रत्येक छेदासाठी एकदा क्यू लिहिला, तर बेरीज २ + क्यू येते. क्ष चे माप योग्य रीतीने बदलून घेतल्यास, रॉजर्स यांच्या भाराने क्ष⁴ चे संकलन केल्यावरही नेमके हेच उत्तर येते. क्यू = १ केल्यास हर्मिट यांचे ३ मिळतात. १८९४ चे फलन आणि कागदावरील चार बिंदू एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत, हे कळावयास शतकाचा बहुतेक काळ गेला.

यातून एक बोध निघतो. जनक फलन लिहिले म्हणजे कुल जन्मास येते. त्याचे गुण मात्र आपोआप कळत नाहीत. ते विचारून, तपासून पाहावे लागतात. नवे जनक फलन मांडून त्यातून सूत्रांची रास काढणारे लेख पुष्कळ आहेत. त्यांतील कोणते टिकेल, हे सूत्रांच्या संख्येवरून नव्हे, तर अशा एखाद्या कसोटीवरून ठरते.

वाचकाने स्वतः एक प्रयोग करून पाहावा. सहा बिंदूंच्या जोड्या कमानींनी लावाव्या. एकूण पंधरा प्रकार होतील. त्यांतील किती प्रकारांत एकही छेद नाही, किती प्रकारांत एक, दोन वा तीन छेद आहेत, ते मोजावे. उत्तरे अनुक्रमे पाच, सहा, तीन व एक अशी आली, तर रॉजर्स यांच्या कुलाची पुढची संख्या आपण केवळ पेन्सिलीने काढली, असे समजावे.