आकडा पुरा वाचावा
(एका लहानशा अँप्लिफायरच्या निमित्ताने)



मागील एका स्नेहसंमेलनाची आठवण तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून शाळेसाठी एक लहानसा अँप्लिफायर घेतला होता. तळहाताएवढे ते यंत्र मोबाइलवरचे गाणे बिनतारी घेई आणि दोन स्पीकर वाजवी. खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले होते : ३०० वॅट. खरेदी मी केली होती आणि पावतीवर सही माझीच होती. स्वागतगीत सुरेख ऐकू आले. नाट्यप्रवेशही निभावला. मग घुमट-आरती सुरू झाली, आणि घुमटावरच्या प्रत्येक थापेबरोबर आवाज असा फाटू लागला की पुढच्या रांगेतील लहान मुलांनी कानांवर हात ठेवले. घरी परतताना आई एवढेच म्हणाली, “तुमचो आवाज फुटलो गो!”

त्या रात्री मला झोप आली नाही. पैसे दुसऱ्यांचे होते आणि विश्वास माझ्यावर होता. मी कलाशाखेची पदवीधर. विजेचे गणित शाळेतच सोडून आलेली. तरीही दुसऱ्या दिवशी नववीच्या मुलांना बरोबर घेऊन ते यंत्र टेबलावर मांडले, आणि आम्ही सर्वांनी मिळून खोक्यावरचा आकडा तपासावयास घेतला. त्या तपासणीतून जे शिकावयास मिळाले ते येथे सांगावयाचे आहे.

१. वॅटचा हिशेब

वॅट हे शक्तीचे माप आहे. विजेचा दाब (व्होल्ट) आणि प्रवाह (अँपिअर) यांचा गुणाकार केला की वॅट मिळतात. आमच्या यंत्राला वीज पुरविणाऱ्या लहान डबीवर बारीक अक्षरांत छापले होते : २४ व्होल्ट, ५ अँपिअर. मुलांनी गुणाकार केला : १२० वॅट. ज्या यंत्राच्या आत सतत १२० वॅटच जाऊ शकतात, त्यातून सतत ३०० वॅट बाहेर कसे पडतील? विहिरीला जेवढा झरा तेवढेच पाणी. हा प्रश्न विचारावयास पदवी लागत नाही. पण खरेदीच्या वेळी तो मी विचारला नव्हता.

पुढचा हिशेब थोडा सूक्ष्म आहे. ध्वनीचा विद्युत्संकेत लाटेसारखा वर-खाली होतो. २४ व्होल्टच्या पुरवठ्यावर अशा लाटेचा माथा फार तर २४ व्होल्टपर्यंत पोचेल. शुद्ध लाटेचा परिणामकारक दाब माथ्याला १.४१ ने भागून मिळतो. तो सुमारे १७ व्होल्ट झाला. शक्ती काढण्यासाठी या दाबाचा वर्ग करून त्यास स्पीकरच्या रोधाने भागावयाचे. आमचे स्पीकर ८ ओहमचे. १७ चा वर्ग २८९, भागिले ८, म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारे ३६ वॅट.

आता आवाज का फाटला ते उघड झाले. गाण्याची सरासरी शक्ती १० वॅट धरली, तर घुमटाच्या थापेच्या क्षणी त्याच्या दहापट, म्हणजे १०० वॅट लागू शकतात. यंत्रापाशी होते ३६. लाटेचा माथा वर चढू लागला आणि छताला डोके आपटून सपाट झाला. सपाट झालेली लाट ही शुद्ध लाट राहत नाही. मूळ सूर १००० कंपनांचा असेल, तर त्यात ३०००, ५००० कंपनांचे परके सूर मिसळतात. यालाच विरूपण म्हणतात. आईने ‘आवाज फुटलो’ म्हटले ते शास्त्रदृष्ट्याही अगदी नेमके होते.

२. मग ३०० आले कोठून?

अशा यंत्रांच्या पोटात एक चिप असते, आणि पुष्कळदा चिपच्या माहितीपत्रकातील सर्वांत मोठा आकडा उचलून खोक्यावर छापला जातो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची टीपीए ३२५५ ही प्रसिद्ध चिप उदाहरणादाखल घ्या. तिच्या माहितीपत्रकात प्रत्येक बाजूस ३१५ वॅट असा आकडा आहे आणि तो खोटा नाही. परंतु त्याच्याबरोबर तेथेच अटी दिल्या आहेत : रोध ४ ओहम आणि विरूपण १० टक्के, शिवाय पुरवठाही ५० व्होल्टच्या आसपास हवा. दहा टक्के विरूपण म्हणजे कानाला सहज कळेल इतका फाटलेला आवाज. अटी गाळल्या की खरा आकडाही फसवा होतो.

ही तक्रार नवी नाही. अमेरिकेत घरगुती अँप्लिफायरांच्या जाहिरातींतील फुगविलेल्या वॅटांना आळा घालण्यासाठी तेथील फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली खास नियम केला. २०२४ साली तो अधिक स्पष्ट करण्यात आला : शक्ती ८ ओहमवर, २० ते २०,००० कंपनांच्या संपूर्ण पट्ट्यात आणि एक टक्क्याहून अधिक विरूपण न होता मोजलेली असावी. पन्नास वर्षांच्या अनुभवानंतर कायद्याला जे बजवावे लागले ते हेच की, वॅट हा एकटा शब्द म्हणजे वाक्य नव्हे. किती ओहमवर, किती विरूपण होऊ देऊन, कोणत्या कंपनसंख्यांवर, आणि एक बाजू की दोन्ही बाजू एकदम, ही पदे जोडली म्हणजे वाक्य पुरे होते.

३. पुरे वाक्य कसे दिसते?

याच टीपीए ३२५५ चिपवर २०२३ साली ‘विम अँप’ नावाचा लहान अँप्लिफायर बाजारात आला. तो इंटरनेटवरून संगीत घेतो. लांबी-रुंदी १९ सेंटिमीटर आणि उंची सहा सेंटिमीटरांहून किंचित अधिक. आपल्या भूगोलाच्या नकाशासंग्रहापेक्षा लहान. चिपच्या पत्रकात ३१५ वॅट असले तरी निर्मात्याने जाहीर केलेली शक्ती आहे ८ ओहमला ६० वॅट आणि ४ ओहमला १२० वॅट.

हे दोन आकडे एकमेकांशी जुळतात का, ते आपणच पाहू. ६० ला ८ ने गुणले तर ४८०. त्याचे वर्गमूळ सुमारे २२ व्होल्ट. १२० ला ४ ने गुणले तरी ४८०, म्हणजे दाब तोच. रोध निम्मा झाल्यावर प्रवाह दुप्पट झाला आणि शक्तीही दुप्पट झाली. दोन्ही आकडे ओहमच्या नियमाला धरून आहेत. अर्थात जुळणारा आकडा मोजणीने सिद्ध झाला असे नव्हे. परंतु जो आकडा साध्या गुणाकारातही टिकत नाही, तो पुढे नेण्याचे कारणच उरत नाही.

४. डेसिबल आणि शुद्धतेचे माप

शक्तीनंतर प्रश्न येतो शुद्धतेचा. मोजणारा अँप्लिफायरला १००० कंपनांचा एकच शुद्ध सूर देतो, स्पीकरऐवजी ४ ओहमचा रोधक जोडतो, आणि ५ वॅट शक्तीवर जे बाहेर येते ते तपासतो. आत एकच सूर गेला. बाहेर तो सूर आणि त्यासोबत यंत्राने स्वतः घातलेली भर, म्हणजे खरखर आणि विरूपण, असे दोन्ही आले. मूळ सूर आणि ही एकूण भर यांच्या गुणोत्तरास ‘सिनॅड’ असे म्हणतात, आणि ते डेसिबलमध्ये सांगतात.

‘बेल’ हे नाव टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून पडले. डेसिबल हा त्याचा दहावा भाग. दाबांचे गुणोत्तर दहापट झाले की २० डेसिबल वाढतात. म्हणून ध्यानात ठेवावयास सोपा कोष्टक असा :

भर १ टक्का : ४० डेसिबल
भर ०.१ टक्का : ६० डेसिबल
भर ०.०१ टक्का : ८० डेसिबल
भर ०.००१ टक्का : १०० डेसिबल

४ ओहमवर ५ वॅट म्हणजे सुमारे ४.४७ व्होल्ट. सिनॅड ८० डेसिबल असेल, तर यंत्राची भर त्याच्या दहाहजाराव्या भागाएवढी, म्हणजे अर्ध्या मिलिव्होल्टाहूनही कमी असते. ओंजळभर तांदळात एखाद्या खड्याचा चुरा असावा, तेवढीच.

५. किती शुद्धता पुरे?

येथे दुसऱ्या टोकाची चूक होते. कोष्टक पाहून काही जण ८० पेक्षा ९० बरे, ९० पेक्षा १०० बरे, असे म्हणत पैसे मोजीत जातात. परंतु ध्वनीची वाट ही साखळी आहे, आणि तिचे बळ सर्वांत दुबळ्या कडीएवढेच. सीडीवरील सोळा अंकी नोंदीची मर्यादाच सुमारे ९८ डेसिबल आहे. जुन्या लाखेच्या तबकड्यांची मर्यादा तर याहून कितीतरी खाली.

गोव्यातील केरी गावी १८९२ साली जन्मलेल्या केसरबाई केरकर यांचे उदाहरण घ्या. १९७७ साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेलेल्या सुवर्ण तबकडीवर त्यांची भैरवी आहे. ती ऐकताना मूळ ध्वनिमुद्रणातील खरखर अँप्लिफायरच्या खरखरीहून अनेक पटींनी मोठी असते. १०० डेसिबलच्या यंत्राने ती जाणार नाही. आणि ८० डेसिबलच्या यंत्राने केसरबाईंचा स्वर उणा होणार नाही. यंत्राचे काम एवढेच की त्याने आपल्या पदरचे काही घालू नये.

शांत क्षणी यंत्राची खरखर ऐकू येईल का, हेही हिशेबाने काढता येते. समजा, स्पीकरला २.८३ व्होल्ट दिले असता एक मीटरवर ८६ डेसिबल आवाज होतो. यंत्राची खरखर १ मिलिव्होल्ट असेल तर ती २.८३ व्होल्टांहून ६९ डेसिबल खाली आहे. ८६ मधून ६९ गेले, उरले १७. रात्रीच्या शांततेत स्पीकरशी कान नेला तर ती जाणवेल. खोलीच्या दुसऱ्या टोकाला नाही. खरखर ०.१ मिलिव्होल्ट असेल तर ती शून्याच्याही खाली जाते.

६. एक कमी ज्ञात कसोटी

आजचे बहुतेक लहान अँप्लिफायर ‘क्लास डी’ पद्धतीचे असतात. ते विजेचा दाब सेकंदाला लाखो वेळा उघड-बंद करतात. त्यामुळे उष्णता कमी होते आणि यंत्र लहान राहते. शेवटी वेटोळे आणि धारित्र यांची गाळणी लावून त्यातून ध्वनीचा संकेत वेगळा काढतात. अडचण अशी की, या गाळणीचे वर्तन स्पीकरच्या रोधावर अवलंबून असते. ८ ओहमला वरचे सूर किंचित चढतात, तर ४ ओहमला पडतात. म्हणजे एकच यंत्र दोन घरांत दोन तऱ्हांनी वाजते! यावर उपाय म्हणजे गाळणीतून बाहेर पडलेला संकेत मूळ संकेताशी ताडून चूक सुधारीत राहणे. वर सांगितलेल्या ‘विम अँप’मध्ये ही योजना आहे. मोजणीचा आलेख पाहताना ४ आणि ८ ओहमच्या रेषा एकमेकींवर पडतात की वरच्या टोकाला फाकतात, हे अवश्य पाहावे.

इंटरनेटविषयीही एक गैरसमज दूर करावा. संगीत तेथून अंकांच्या रूपाने येते. हरवलेले अंक पुन्हा मागविले जातात. म्हणून जाळे दुबळे असेल तर गाणे अडखळते, थांबते. पण त्यामुळे खरखर वाढत नाही.

७. मोजमाप जे सांगत नाही

मोजणी झाली ती एका नगाची, एका दिवशी. आपल्या कोकणपट्टीतील पावसाळी दमटपणात यंत्र किती वर्षे टिकेल, दुरुस्ती जवळ होईल का, ते चालविणारी आज्ञावली निर्माता किती काळ अद्ययावत ठेवील, यांची उत्तरे आलेखात नसतात. ती चौकशी आपणच करावयाची असते. मापाचा अनादर करू नये, आणि मापाला सर्वज्ञही समजू नये.

असो. आमच्या यंत्राचे पुढे काय झाले, ते सांगून संपविते. ते आम्ही टाकले नाही. वाचनालयाच्या खोलीत कविता आणि नाट्यगीते ऐकावयास ३६ वॅट भरपूर आहेत. तेथे ते आजही गोड वाजते. खोक्यावरचा ३०० हा आकडा मात्र नववीच्या मुलांनी खोडला आणि त्याखाली सुवाच्य अक्षरांत लिहिले : “८ ओहमला, प्रत्येकी सुमारे ३६ वॅट, आमच्या हिशेबाने.” यंत्रात दोष होता त्याहून आमच्या कामाच्या निवडीत अधिक होता. वर्गणी देणाऱ्यांना मी हा सारा हिशेब लेखी कळविला. कोणी रागावले नाही. पण तो कळविल्याशिवाय मला त्यांच्यासमोर उभे राहवले नसते.

उद्या तुम्ही घरासाठी पंखा, पंप, दिवा किंवा आणखी काही घ्याल. प्रत्येकावर एक मोठा आकडा असेल आणि जवळच बारीक अक्षरे असतील. बारीक अक्षरे आधी वाचा.

सरावासाठी उदाहरणे

१) एका अँप्लिफायरच्या पुरवठ्यावर ३२ व्होल्ट, ५ अँपिअर असे लिहिले आहे. खोक्यावर ‘२०० वॅट सतत’ हा दावा टिकेल का?
२) ८ ओहमला ५० वॅट देणाऱ्या यंत्राने तोच दाब ४ ओहमवर टिकविला, तर शक्ती किती?
३) सिनॅड ६० डेसिबल असता यंत्राची भर किती टक्के?

(उत्तरे : १. नाही, आत जाणारी शक्तीच १६० वॅट. २. १०० वॅट. ३. ०.१ टक्का.)