‘त्रास’ कोणी ठरवायचा?

‘ॲन्टिसोशल बिहेव्हिअर’ला मराठीत काय म्हणाल? मी आधी ‘समाजविघातक वर्तन’ लिहिलं होतं, मग खोडलं. त्या शब्दानं डोळ्यांसमोर दंगलखोर येतात. इंग्लंड-वेल्समधल्या कौन्सिलांकडे मात्र येतात त्या रात्रभर वाजणाऱ्या म्युझिकच्या, जिन्यातल्या दारुड्यांच्या आरडाओरड्याच्या, सतत भुंकणाऱ्या कुत्र्याच्या तक्रारी. आज्जीचा ‘उच्छाद’ शब्द जास्त जवळचा वाटतो.

तिथल्या 1998 च्या कायद्यातली व्याख्या बघा: दुसऱ्या घरातल्या माणसाला ज्यानं छळ, भीती किंवा मनस्ताप होतो, किंवा होण्याची शक्यता असते, असं वागणं. म्हणजे करणाऱ्यानं काय केलं यापेक्षा सोसणाऱ्याला काय झालं, याला महत्त्व. (वर्गात आपण कवितेचा अर्थ वाचकावर सोपवतो, तसंच काहीसं!) या व्याख्येवर ‘ॲस्बो’ हा हुकूम उभा होता. कौन्सिल किंवा पोलिसांनी कोर्टाकडून तो मिळवायचा. हुकूम दिवाणी, पण मोडला तर 5 वर्षांपर्यंत कैद. काही पोरं तर ‘ॲस्बो’ मिळाला म्हणून मिरवायला लागली.

2014 च्या कायद्यानं ‘ॲस्बो’ गेला. आता आधी लेखी ताकीद, मग नोटीस, ती मोडली तर दंड, अशीही एक वाट आहे. मला सगळ्यात आवडलेली तरतूद वेगळीच आहे. साधारणपणे 6 महिन्यांत 3 तक्रारी करूनही दखल घेतली गेली नाही असं वाटलं, तर त्रास सोसणारा माणूस फेरतपासणी मागू शकतो. मग कौन्सिल, पोलीस वगैरेंनी एकत्र बसून काय केलं, काय राहिलं, ते बघायचं आणि त्याला कळवायचं. आवडण्याचं कारण घरचं आहे. पप्पा आजारी असताना आमच्या गल्लीच्या तोंडाशी रोज रात्री बुलेटचे सायलेन्सर फोडत पोरं बसायची. आम्ही दोन अर्ज दिले. दोन्हींची पोच मिळाली, उत्तर एकाचंही नाही. शेजारी म्हणायचे, “पोरं आहेत, जाऊ दे की.”

पण याच कायद्यानं कौन्सिलला एखाद्या सार्वजनिक जागेपुरता, एका वेळी 3 वर्षांपर्यंत, मनाई हुकूम काढायचाही अधिकार दिला. काही कौन्सिलांनी तो भीक मागणाऱ्यांवर आणि रस्त्यावर झोपणाऱ्यांवर वापरला. बरीच टीका झाली. शेवटी 2017 मध्ये सरकारला मार्गदर्शिकेत लिहावं लागलं, की निव्वळ बेघर आहे म्हणून कुणाला लक्ष्य करू नका.

इथे मी जरा अडखळले. रविवारी मिस्सा संपल्यावर फाटकाशी हात पसरून बसलेले लोक दिसले की मलाही कसंतरी होतं, मी पटकन स्कूटीकडे वळते. व्याख्या काटेकोर लावली तर माझं हे ‘कसंतरी’ मनस्तापात मोडेल का? सायलेन्सरवाल्या पोरांबद्दल मला ही शंका कधीच आली नव्हती.

मंडळाच्या पुढच्या बैठकीला दोन्ही कायद्यांच्या व्याख्या घेऊन येते. तुम्ही प्रत्येकानं आपल्या गल्लीतली एक तक्रार दहा ओळींत लिहून आणा. आणि तीच तक्रार, ज्याच्याविरुद्ध आहे त्याच्या तोंडूनही दहा ओळींत.