हापूसची पेटी नेमकी विकली कुणी?

निकाल लागले की पालकांचा एक प्रश्न हमखास येतो: “मुलगी बारावी कॉमर्स झाली, आता डिजिटल मार्केटिंगचा क्लास लावायचा म्हणते. यात काही भवितव्य आहे का?” आहे. फक्त फी भरण्याआधी या कामात दिवसभर काय करावं लागतं, हे घरातल्या सगळ्यांनी समजून घ्यायला हवं. रील बनवणारी मुलं आता गल्लोगल्ली आहेत. गूगल, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप यांची सांगड घालून धंदा वाढवणारा माणूस मात्र मालकाला सहजी मिळत नाही.

हापूसचंच उदाहरण घ्या. देवगड-रत्नागिरीकडचे कितीतरी बागायतदार आता पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाला थेट घरपोच पेटी देतात. समजा, कोथरूडच्या एका बाईंनी फेब्रुवारीत बागेची रील पाहिली. आवडली, पण आंब्याला वेळ होता, म्हणून त्या पुढे सरकल्या. अक्षय्य तृतीया जवळ आली तशी त्यांना आठवण झाली. त्यांनी गूगलवर बागेचं नाव टाकलं, वरच दिसलेल्या जाहिरातीवर क्लिक केलं, वेबसाइटवर भाव पाहिला, गूगल मॅप्सवर लोकांचे अभिप्राय वाचले. मग व्हॉट्सॲपवर विचारलं, “पेटी केवढ्याला? तयार आंबा येईल की घरी पिकवावा लागेल?” उत्तर लगेच मिळालं आणि ऑर्डर पक्की झाली.

ही पेटी विकली कुणी? शेवटच्या क्लिकला श्रेय द्यायची पद्धत असेल तर हिशेबात नाव लागतं गूगलच्या जाहिरातीचं. आकडे पाहून बागायतदार म्हणतो, रीलवर खर्च कशाला, बंद करा. पुढच्या हंगामात बागेचं नाव टाकून शोधणारेच कमी होतात, कारण नाव कानावर गेलेलंच नसतं. गूगलची जाहिरात तीच, तरी चौकशा रोडावतात. मालक रील बंद करायला निघाला असताना त्याला थांबवून हे आकड्यांनिशी पटवून देणं, पगार मिळतो तो या कामाचा.

त्यासाठी लागणारी हत्यारं साधी आहेत. प्रत्येक ठिकाणी टाकलेल्या लिंकला यूटीएमची खूण जोडतात. गिऱ्हाईक कोणत्या ॲपवरून, कोणत्या प्रकारच्या जाहिरातीतून, कोणत्या मोहिमेतून आलं हे तिच्यावरून कळतं. यात शिस्त लागते. गूगल ॲनालिटिक्स इंग्रजीतली मोठी आणि लहान अक्षरं वेगळी मानतं. एकानं इन्स्टाग्रामचं स्पेलिंग मोठ्या ‘आय’नं सुरू केलं आणि दुसऱ्यानं लहान ‘आय’नं, तर अहवालात एकाच इन्स्टाग्रामच्या दोन ओळी दिसतात आणि महिन्याचा हिशेब फसतो. ज्या मुलांना एक्सेलची शीट नीटनेटकी ठेवायला आवडते, त्यांचं इथे चांगलं जमतं. नुसता मोबाइल आवडतो, एवढं पुरत नाही.

पैशांचं गणितही मुलांनी मांडायला शिकावं. समजा, जाहिरातीवर ६,००० रुपये खर्चून २० पेट्या गेल्या. पेटीमागे खर्च पडला ३०० रुपये. जाहिरात सोडून बाकी सगळा खर्च वजा जाता पेटीमागे ४०० सुटत असतील, तर हातात राहिले जेमतेम १००. पण तीच गिऱ्हाइकं पुढच्या वर्षी व्हॉट्सॲपच्या एका निरोपावर परत आली, तर ते ३०० वाचतात. मात्र साध्या ब्रॉडकास्ट लिस्टचा निरोप पोचतो तो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच. म्हणून पेटीत एक छापील चिठ्ठी ठेवायची: नंबर सेव्ह करा, पुढच्या हंगामात कळवू. निरोप चालेल का, हेही आधी विचारून घ्यायचं. चार आण्यांची चिठ्ठीसुद्धा डिजिटल मोहिमेचाच भाग असते, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

“पण हे सगळं एआय करेल ना?” पालकांची ही धास्ती समजण्यासारखी आहे. २०२१ पासून गूगलच्या परफॉर्मन्स मॅक्स मोहिमा एकच बजेट सर्च, यूट्यूब, जीमेल आणि मॅप्सवर आपोआप वाटतात. तरी यश कशाला म्हणायचं, हे माणसालाच ठरवून द्यावं लागतं. फॉर्म भरला की यश, असं सांगितलंत तर यंत्र फॉर्म भरणारी माणसं गोळा करून आणतं. त्यातली निम्मी आपण माल पोचवत नाही अशा गावची असली, तरी त्याला फरक पडत नाही. आलेला पैसा आणि टिकलेलं गिऱ्हाईक मोजायला लावणारा माणूस धंदा कळणाराच असावा लागतो.

आता क्लासबद्दल. ‘शंभर टक्के नोकरी’ या पाटीला भुलू नका. तिथे एकच विचारा: माझ्या मुलाला खऱ्या धंद्याचं जाहिरात खातं खऱ्या पैशांनी चालवायला मिळेल का? उत्तर गोलमोल आलं तर निघून या. गूगल स्किलशॉप, मेटा ब्लूप्रिंट, हबस्पॉट अकॅडमी इथे भरपूर अभ्यासक्रम मोफत आहेत. सुरुवात त्यांनी होते. मुलानं एक माध्यम मुळापासून शिकावं आणि बाकीच्यांचं कामापुरतं ज्ञान ठेवावं. शुद्ध, सहज मराठी लिहिता येत असेल तर ती मोठी जमेची बाजू आहे, कारण गावोगावचं गिऱ्हाईक मराठीतच विचारतं आणि अनुवादी जाहिरात त्याला लगेच परकी वाटते.

आणि मुलांनो, सरावासाठी ओळखीत कुणी दिवाळीचा फराळ विकत असेल तर ऑगस्टमध्येच त्यांच्याकडे जा. गूगल मॅप्सवर त्यांची नोंद करा, व्हॉट्सॲप बिझनेसवर चकली-चिवड्याचा कॅटलॉग लावा, आठवड्याला दोन रील टाका. प्रत्येक ऑर्डरच्या वेळी “आमच्याबद्दल कुठे कळलं?” हे विचारून वहीत लिहा. भाऊबीज झाली की ती वही आणि ॲनालिटिक्सचे आकडे शेजारी ठेवून दोन पानी टिपण तयार करा: कुठे जुळलं, कुठे नाही, पुढच्या वर्षी खर्च कुठे करावा. मुलाखतीला प्रमाणपत्रांच्या फाइलवर हे टिपण ठेवा.