मोतीबिंदू काढण्याआधी

आपल्या डोळ्यात बाहुलीच्या मागे एक भिंग असते. ते काचेसारखे स्वच्छ असते. त्यातून उजेड आत जातो, म्हणून आपल्याला दिसते. वय वाढले की हे भिंग गढूळ होते. ह्यालाच आपण मोतीबिंदू म्हणतो. मग दिव्याभोवती कडी दिसू लागतात. तांदळातला खडा दिसत नाही. समोरून आलेला माणूस आवाजावरून ओळखावा लागतो.

ज्यांना मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार आहे, त्यांना मोतीबिंदू इतरांपेक्षा लवकर येतो. म्हणून आज आपण दोन्ही गोष्टींचा एकत्र विचार करू.

मोतीबिंदूवर औषध नाही. थेंब घालून तो विरघळत नाही. झाडपाल्याचा रस डोळ्यात पिळला तर डोळा जायचा. शस्त्रक्रिया हाच एक उपाय आहे. पूर्वी गढूळ भिंग काढून टाकीत आणि जाड काचेचा चष्मा देत. १९४९ साली लंडन शहरात हॅरॉल्ड रिडली ह्या डॉक्टरांनी डोळ्याच्या आतच कृत्रिम भिंग बसवले. आज सगळीकडे तसेच करतात. डोळा बधिर करतात, लहानशी चीर देतात, गढूळ भिंग काढतात व नवे बसवतात. बहुतेकांचे काम अर्ध्या तासात होते. "मोतीबिंदू पिकू द्या, मग काढू," असे जुनी माणसे म्हणत. आता पिकण्याची वाट पाहावी लागत नाही.

मग साखरेचा इथे काय संबंध?

साखर फार वाढलेली असली तर जखम लवकर भरत नाही. जखमेत जंतू शिरण्याची भीती वाढते. म्हणून साखर फार असली, तर डॉक्टर शस्त्रक्रिया पुढे ढकलतात. दुसरे असे, की साखर खालीवर झाली की नजरेचा नंबरही खालीवर होतो. नवे भिंग कोणत्या नंबरचे बसवायचे, हे डोळा मोजून ठरवतात. ते माप नीट यावे, म्हणून साखर स्थिर हवी.

तिसरी गोष्ट डोळ्याच्या पडद्याची. आपला कंदील आठवा. काच काजळली तर उजेड पडत नाही. काच बदलता येते. पण आतली वातच बिघडली असेल, तर नव्या काचेचा काय उपयोग? भिंग ही काच आणि पडदा ही वात समजा. मधुमेहाने पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. म्हणून शस्त्रक्रियेआधी थेंब घालून, बाहुली मोठी करून, पडदा तपासून घ्यावा.

आता ताटाकडे वळू.

धान्यातले पीठ पोटात गेले की त्याची साखर होते. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ७० ग्रॅम असे पिष्ट असते. तांदळात ते ७८ च्या आसपास असते. साबुदाण्यात तर ८५ च्याही वर. "मी साखर खात नाही, नुसती भाकरी खातो," असे म्हणून भागत नाही. भाकरी सोडायची नाही, पण मोजून खायची. गूळही साखरच आहे.

ताटाचे मनात चार भाग करा. दोन भाग भाजी घ्या: मेथी, पालक, चाकवत, दोडका, दुधी, भेंडी, वांगी, गवार, कोबी, काकडी. एक भाग डाळ, उसळ, अंडे, मासे किंवा पनीर. डाळीतही थोडे पिष्ट असते, पण ते सावकाश पचते. उरलेल्या एका भागात भाकरी. भाकरी खाल्ली तर त्या जेवणात भात नको. सोबत वाटीभर ताक चालेल. बटाटा, रताळे, पोहे, केळे, चिकू, आंबा हे हात राखून. चहा बिनसाखरेचा. भूक लागली तर मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे. ज्यांना मूत्रपिंडाचा आजार आहे, त्यांनी मात्र डाळ, अंडी किती खावी हे डॉक्टरांनाच विचारावे.

हा बदल शस्त्रक्रियेच्या आधी काही आठवडे सुरू करावा. वर्षानुवर्षे वाढलेली साखर आठ दिवसांत एकदम खाली ओढली, तर काही वेळा पडद्याचा त्रास वाढतो. घाई नको.

समजा, एका घरी असे बोलणे झाले.

सासू म्हणाली, "सूनबाई, आज एकादशी. साबुदाण्याची खिचडी तेवढी कर. गोळी मी सकाळीच घेतलीय."

सून म्हणाली, "आत्याबाई, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट. साखर वर जाईल."

"मग काहीच खात नाही. निर्जळी करते. डोळा तरी लवकर बरा होईल."

"तसं नका करू. पोटात गोळी आणि ताटात काही नाही, म्हणजे साखर एकदम खाली जाईल. चक्कर येऊन पडाल. देवाला तुमचा डोळा हवा की तुमचा उपास?"

सुनेचे म्हणणे खरे आहे. ह्या पाठातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच. ताट बदलले की औषधाचा हिशेबही बदलतो. भाकरी निम्मी केली आणि गोळी किंवा इन्सुलिन तेवढेच ठेवले, तर साखर धोक्याइतकी उतरू शकते. म्हणून ताट बदलण्याआधीच डॉक्टरांना सांगा. गोळी आपल्या मनाने कमी करू नका, बंदही करू नका.

साखर उतरली की घाम सुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, डोळ्यांपुढे अंधारी येते, बोलणे अडखळते. अशा वेळी चहाचे तीन-चार चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यावी. १५ मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा प्यावी. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नये. तडक दवाखाना गाठावा.

शस्त्रक्रियेची तारीख ठरली की सगळ्या औषधांची पाकिटे पिशवीत घालून डॉक्टरांना दाखवा. रक्त पातळ करण्याची गोळी असेल तर सांगा. लघवी अडते म्हणून गोळी घेत असाल तर तेही सांगा. त्यातल्या काही गोळ्यांनी शस्त्रक्रियेत बाहुली नीट मोठी होत नाही. दात किडून सुजला असेल, अंगावर गळू असेल, डोळ्यातून पाणी किंवा पू येत असेल, तर लपवू नका.

कुठे उपाशीपोटी बोलावतात, कुठे हलके खाऊन. म्हणून आदल्या भेटीतच दोन प्रश्न विचारा. "सकाळी काय खाऊ?" आणि "सकाळची गोळी किंवा इन्सुलिन घेऊ का?" उत्तर कागदावर लिहून घ्या. आता आपल्याला वाचता येते. तो कागद आपणच वाचायचा आहे.

घरी आल्यावर डोळा चोळू नका. पाणी, धूळ व चुलीचा धूर डोळ्यात जाऊ देऊ नका. थेंब वेळच्या वेळी घाला. डोळा फार दुखला, लाल झाला किंवा दिसणे कमी झाले, तर सकाळची वाट न पाहता दवाखान्यात जा. आणि ताट मात्र तसेच चालू ठेवा. नवे भिंग गढूळ होत नाही असे म्हणतात, पण पडद्याला साखरेपासून जपणे जन्मभराचे काम आहे. वर्षातून एकदा तरी पडदा तपासून घ्यावा.

लक्षात ठेवा
१. मोतीबिंदू थेंबांनी जात नाही.
२. अर्धे ताट भाजी, पाव ताट डाळ-उसळ, पाव ताट भाकरी.
३. ताट बदलण्याआधी औषधाबद्दल डॉक्टरांना विचारा.
४. शस्त्रक्रियेआधी पडदा तपासून घ्या.

सांगा पाहू
१. कंदिलाची काच आणि वात म्हणजे डोळ्यातले काय?
२. गोळी घेऊन उपाशी राहिले तर काय होते?
३. तुमच्या घरी आज कोणती भाजी आहे? तुमच्या ताटाचे चार भाग कसे कराल?