मुलांच्या हाती एक वाफा द्या

"निसर्गावर प्रेम करा," असे आपण मुलांना नेहमी सांगतो. वाक्य पाठ होते, पण प्रेम पाठ करून येत नाही. ते हाताला माती लागल्यावर येते.

१९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हाताच्या कामातून शिक्षण देण्याचा विचार मांडला. त्याच नई तालीमच्या वाटेवर चालणाऱ्या सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत मुले आजही सेंद्रिय पद्धतीने भाजी पिकवतात. आपल्या रायपूरलाही हे नवे नाही. घरामागची 'बाडी' आणि खताचा 'घुरवा' ही छत्तीसगडी खेड्यांची जुनीच रीत आहे.

सुरुवात अगदी लहान ठेवा. पावसाळा संपला की चार मुलांना मिळून एक वाफा द्या. मातीत कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट मिसळा. मेथी आणि लाल भाजी पेरा. मेथी चार-पाच दिवसांत उगवते आणि साधारण महिन्याभरात काढता येते, म्हणून मुलांचा धीर सुटत नाही. पेरणी, पाणी, कीड यांची नोंद मुलांनीच वहीत करावी. स्वयंपाकघरातला भाजीचा कचरा आणि वाळलेली पाने खड्ड्यात टाकायची जबाबदारीही त्यांचीच.

आणि मोठ्यांनी काय करावे? एक चूक टाळावी, जी आम्ही केली. आमच्या रविवारच्या बालवर्गात एका गटाची टोमॅटोची रोपे पाण्याविना वाळली. मुले हिरमुसतील म्हणून आम्ही आदल्या संध्याकाळी रोपवाटिकेतून नवी आणून लावली. सकाळी एक मुलगी वही उघडून म्हणाली, "दादा, माझ्या रोपाला चार पाने होती. याला सहा कशी?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. शेवटी खरे सांगितले. मुले थोडा वेळ गप्प राहिली. मग त्यांनी वाळलेली रोपे खताच्या खड्ड्यात टाकली आणि पाणी घालण्याच्या पाळ्या स्वतःच ठरवून वहीत लिहिल्या. पुढे एकही पाळी चुकली नाही.

वाळलेले रोपही शिकवते. आपण ते लपवले, तर मूल दोन गोष्टी शिकते: निष्काळजीपणाने काही बिघडत नाही आणि मोठी माणसे खोटे बोलतात.

म्हणून या हिवाळ्यात आपल्या घरी, वस्तीत किंवा शाळेत मुलांना एक वाफा द्या. तो खरोखर त्यांचाच असू द्या. भाजी कमी आली तरी चालेल. जी जुडी घरी येईल, ती त्यांच्या श्रमाची असेल आणि त्या दिवशी ताटात भाजी टाकून उठणारे मूल आपल्याला दिसणार नाही.