ब्रेकवरचा सोनेरी मुलामा



जानेवारी २०२३ मध्ये आपल्या बडोद्यात लक्ष्मी विलास राजवाड्याच्या आवारात जुन्या मोटारींचे मोठे प्रदर्शन भरले होते. तुमच्यापैकी काही जण पालकांबरोबर ते पाहून आले असतील. अशा ठिकाणी आपली नजर जाते ती चकचकीत रंगाकडे. जाणकार मात्र खाली वाकून चाकाच्या आत पाहतात. गाडी कारखान्यातून बाहेर पडली तेव्हा ब्रेकचा प्रत्येक भाग जसा दिसत होता, तसाच तो आज आहे का, हे त्यांना पाहायचे असते. आज आपण या 'मूळ रूपा'मागचे शास्त्र समजून घेऊ या.

पितळेच्या पातेल्याला आजी कल्हई लावून घेत असे, ती शोभेसाठी नव्हे; आमटी कळकू नये म्हणून. ब्रेकच्या भागांवरचा मुलामाही असाच कामासाठी असतो.

भाग तसा पृष्ठभाग

१) डिस्क आणि ड्रम : हे बहुधा बिडाचे असतात. ब्रेक पॅड किंवा लायनर जेथे घासतो, ती जागा उघडीच ठेवावी लागते. तेथे रंग किंवा तेल लागले तर पकड कमी होते. पावसात उभ्या राहिलेल्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज दिसतो. चार-दोनदा ब्रेक दाबला की तो निघून जातो.

२) कॅलिपर, पट्ट्या, नळ्यांचे जोड : १९६० च्या दशकातील अनेक ब्रिटिश गाड्यांच्या अशा भागांवर कॅडमियमचा किंवा जस्ताचा मुलामा असे. नंतर तो भाग क्रोमेटच्या द्रावणात बुडवत. त्यामुळे त्याला पिवळसर सोनेरी रंग येई आणि उजेडात इंद्रधनुष्यासारखी झाक दिसे. रंगच का दिला नाही? कारण नेहमीचे ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल सांडले की साधा रंग सुटून येतो. शिवाय मुलाम्यावर ओरखडा पडला तरी जस्त आधी स्वतः झिजते आणि आतल्या लोखंडाला वाचवते. हा थर साधारण ५ ते १२ मायक्रॉन जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहूनही कितीतरी पातळ असतो.

३) कठीण पोलादाचे बोल्ट आणि स्प्रिंगा : यांवर अनेकदा काळपट करडा फॉस्फेटचा थर असे. ही पद्धत १९०६ पासूनची. हा थर तेल धरून ठेवतो. विजेच्या साहाय्याने मुलामा देताना हायड्रोजन पोलादात शिरतो आणि कठीण पोलाद ठिसूळ होऊ शकते. म्हणून असा मुलामा दिलेला भाग सुमारे २०० अंश सेल्सिअसला काही तास तापवावा लागतो. हे न केल्यास स्प्रिंग नवी दिसते, पण अचानक तुटू शकते.

आधी वाचा, मग पुसा

जुनी गाडी दुरुस्त करताना होणारी मोठी चूक म्हणजे सगळेच भाग घासून त्यांवर क्रोम चढवणे. गाडी झगमगते, पण तिचा इतिहास पुसला जातो. पट्टीच्या खाली किंवा क्लिपच्या आड मूळ मुलाम्याचा नखाएवढा तुकडा शिल्लक असतो. तो शोधावा, त्याचे छायाचित्र घ्यावे आणि मगच साफसफाईला हात घालावा. वाळूचा फवारा मारला की तो पुरावा मिनिटभरात जातो.

मूळ रूप की माणसाचे आरोग्य?

कॅडमियम विषारी आहे. जपानमधील तोयामा प्रांतात खाणीतील कॅडमियम जिन्झू नदीत आणि तिच्या पाण्यावरच्या भातशेतीत उतरले. लोकांची हाडे इतकी दुखू लागली, की त्या आजाराचे नावच 'इताई-इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय', असे पडले. प्रदूषणामुळे झालेला आजार म्हणून तेथील सरकारने १९६८ साली त्याला मान्यता दिली. जुन्या सोनेरी द्रावणातले षट्संयुजी क्रोमियमही कर्करोगकारक आहे. युरोपीय संघाने २००० सालच्या निर्देशान्वये नव्या गाड्यांत या दोन्ही पदार्थांवर निर्बंध आणले.

मग जुन्या गाडीसाठी कॅडमियमचाच हट्ट धरावा का? जस्ताचा मुलामा आणि त्रिसंयुजी क्रोमियमचे द्रावण वापरून जवळपास तशीच छटा मिळते. पारखी नजरेला थोडा फरक दिसेल आणि स्पर्धेत एखादा गुण जाईलही. पण मुलामा देणाऱ्या कारागिराच्या फुप्फुसांपेक्षा तो गुण मोठा नाही.

अमेरिकेतील कॉर्व्हेट गाडीला १९६५ पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक मिळाले. पाण्याचा अंश शोषलेल्या ब्रेक ऑइलमुळे तिच्या कॅलिपरच्या नळकांड्यांना आतून खड्डे पडत आणि तेल गळे. म्हणून दुरुस्ती करणारे आत स्टेनलेस स्टीलची नळी बसवतात आणि बाहेरचे रूप तसेच ठेवतात. इतिहासही राहतो आणि ब्रेकही लागतो.

करून पाहा

एक साधा खिळा, एक जस्ताचा मुलामा असलेला खिळा आणि कानशीने बारीक ओरखडा काढलेला तसाच आणखी एक खिळा घ्या. तिन्ही मिठाच्या पाण्यात भिजवलेल्या कापसावर आठ दिवस ठेवा. कापूस सुकू देऊ नका. रोजचे निरीक्षण वहीत लिहा. ओरखड्याच्या जागी लाल गंज आला का? का आला, किंवा का आला नाही?

सावधान

जुन्या गाडीचे ब्रेक घरी उघडू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. त्याची धूळ फुंकू किंवा झाडू नये. जुना मुलामा पॉलिश पेपरने घासू नये. पालकांनीही याकडे लक्ष द्यावे.

पुढच्या वेळी जुनी गाडी पाहाल तेव्हा 'किती चमकते!' एवढ्यावर थांबू नका. 'हा भाग असाच का केला असेल?' हेही विचारा.