आधी नॉब बघा!

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे माझं मराठी जरा सांभाळून घ्या. काकांनी त्यांचा जुना पेंटॅक्स के-१००० मला दिला. तो शिकताना माझी जी चूक झाली ती तुमची होऊ नये, म्हणून हा लेख.

हा कॅमेरा १९७६ साली बाजारात आला. शटर पूर्णपणे मेकॅनिकल आहे. छोटा बटण-सेल लागतो तो फक्त लाइट मीटरला. मीटरला स्विच नाही, म्हणून काम झालं की लेन्सला कॅप लावा, नाहीतर सेल उतरतो.

आधी रोलवरचा आयएसओ डायलवर लावा. मग व्ह्यूफाइंडरमधली सुई मध्यावर येईपर्यंत अ‍ॅपर्चर आणि शटर स्पीड जुळवा. एफ/८ चं एफ/११ केलं की प्रकाश निम्मा होतो. मग शटर १/२५० वरून १/१२५ वर आणा, हिशोब बरोबर! नुसत्या हातात धरून १/६० च्या खाली जाऊ नका, फोटो हलतो.

आता सर्वांत महत्त्वाचं. फिल्मचं टोक स्पूलच्या खाचेत नीट अडकवा. झाकण लावून रिवाइंड नॉबने ढिली फिल्म हलकेच ताणून घ्या. यानंतर लिव्हर ओढताना तो नॉब आपोआप फिरलाच पाहिजे. मी ते पाहिलंच नाही. दिवाळीत आजीचे ३६ फोटो काढले. काउंटर पुढे सरकत होता, फिल्म मात्र जागची हललीच नव्हती. रोल कोरा!

आजी हसून म्हणाली, "अगं, पुढच्या दिवाळीला काढ की!"

पुढच्या दिवाळीला आजी नव्हती.

म्हणून सांगते, शटर दाबण्याआधी नॉब बघा.